तांब्याची नळी आणि बारा हजार बादल्या

एसी-फ्रिज दुरुस्त करणाऱ्याच्या दुकानात अर्धा इंची तांब्याची नळी मिळते. तिचा मीटरभर लांब सरळ तुकडा घ्या. नळीतून सैल जाईल असा, करंगळीच्या पेराएवढा निओडायमियमचा लोहचुंबक घ्या. आधी चुंबक नळीला बाहेरून लावा. चिकटत नाही. दोन-तीन मुलांच्या हातात देऊन त्यांनाही खात्री करून घेऊ द्या. मग नळी उभी धरून वरून लोखंडी खिळा सोडा. ‘टण्’ असा आवाज येतो. अर्धा सेकंद व्हायच्या आत खिळा बाकावर. आता त्याच तोंडातून चुंबक सोडा आणि वर्गाला मोठ्याने मोजायला सांगा.

एक. दोन. तीन.

मोजणाऱ्यांचा आवाज बारीक होत जातो. “अडकला,” मागच्या बाकावरून कोणीतरी म्हणतं. आणि तेवढ्यात नळीच्या खालच्या तोंडातून चुंबक अलगद बाहेर येतो. पुढच्या वेळी एखादी मुलगी स्टुलावर चढते, नळीत डोळा लावते आणि ओरडते, “तो चाललाय! कुठेच अडकला नाहीये!” आत चुंबक संथपणे खाली जात असतो, विहिरीत सोडलेल्या पोहऱ्यासारखा. फक्त इथे दोर नाही.

हा प्रयोग मी पहिल्यांदा पाहिला तेव्हा नळी उलटसुलट करून तपासली होती. त्यानंतर कितीतरी वर्गांत तो दाखवून झाला. तरीही चुंबक सोडण्याआधी बोटं क्षणभर थांबतात आणि वाटतं, आज तो पडेल का खिळ्यासारखा? पडत नाही. कधीच पडत नाही.

मग त्याला धरतं कोण? उत्तराआधी, धरलेलं खरं आहे का ते पाहू. स्वयंपाकघरातला डिजिटल काटा आणा. मातीच्या गोळ्यात रोवून नळी त्यावर उभी करा आणि आकडा लिहून घ्या. मग चुंबक सोडा. तो तळाला पोचायच्या आधीच, अजून नळीच्या मध्यावर असताना, काट्यावरचं वजन वाढतं. चुंबक सहा ग्रॅमचा असेल तर बरोबर सहा ग्रॅमने वाढतं. अधांतरी असलेल्या चुंबकाचं पूर्ण वजन नळीने उचलून घेतलेलं असतं. दोर दिसत नाही, पण काट्याला तो जाणवतो.

हा दोर विजेचा आहे. नळी म्हणजे एकावर एक रचलेल्या तांब्याच्या हजारो बांगड्या आहेत असं समजा. चुंबक वरून येऊ लागला की त्याच्या खालच्या बांगडीतलं चुंबकीय क्षेत्र वाढतं. तो पुढे गेला की मागे राहिलेल्या बांगडीतलं कमी होतं. बांगडीतून जाणारं क्षेत्र बदललं की तिच्यात वीजप्रवाह गोल फिरू लागतो. आणि गोल फिरणारा प्रवाह स्वतःच एक चुंबक असतो. खालची बांगडी येणाऱ्या चुंबकाला वर ढकलते. वरची बांगडी जाणाऱ्याला मागे ओढते. चुंबक जितका वेगाने जाईल, तितका हा प्रवाह जोरदार आणि तितकाच त्याचा अडसर मोठा. म्हणून अडसर आणि वजन यांची बरोबरी होते आणि तिथून पुढे चुंबकाचा वेग वाढतच नाही.

पटत नसेल तर तशीच दुसरी नळी करवतीने लांबीभर उभी चिरा. तांबं तेवढंच राहिलं, पण प्रत्येक बांगडी एका जागी तुटली. प्रवाहाला गोल पुरं करायला वाट उरली नाही. चुंबक आता आधीपेक्षा लवकर खाली येतो. आपल्या गल्लीतल्या ट्रान्सफॉर्मरचा गाभा अखंड लोखंडी ठोकळ्याचा न करता पातळ पत्र्यांच्या थप्पीचा का करतात, याचं कारण हेच. अखंड ठोकळ्यात असे भोवऱ्यासारखे प्रवाह फिरून नुसतीच उष्णता झाली असती. करवतीचा एक काप मुलांना थेट ट्रान्सफॉर्मरच्या पोटात नेतो.

वीज आणि चुंबक यांचं हे नातं माणसाच्या प्रथम लक्षात आलं तेही शिकवताना. १८२०च्या वसंतात कोपनहेगनमध्ये हान्स क्रिस्तियान अर्स्टेड विद्यार्थ्यांपुढे व्याख्यान देत होते. तारेतून वीजप्रवाह सोडला आणि जवळची होकायंत्राची सुई किंचित हलली. हालचाल इतकी बारीक होती की समोरच्या श्रोत्यांवर तिचा फारसा परिणामही झाला नाही. अर्स्टेड मात्र तिला विसरले नाहीत. त्याच वर्षी २१ जुलैला त्यांनी चार पानांचा लॅटिन लेख छापून युरोपभर पाठवला. विजेतून चुंबकत्व मिळतं, हे त्याने जगाला कळलं.

मग चुंबकातून वीज का मिळू नये? लंडनच्या रॉयल इन्स्टिट्यूशनमध्ये हा प्रश्न मायकेल फॅरेडे यांनी अनेक वर्षं मनात बाळगला होता. लोहाराचा मुलगा, बुकबाइंडरकडे उमेदवारी केलेला, बांधायला आलेली पुस्तकं वाचून विज्ञानाकडे वळलेला हा माणूस. २९ ऑगस्ट १८३१ रोजी त्यांनी लोखंडी कड्यावर दोन वेगळी वेटोळी गुंडाळली. एकाला बॅटरी जोडली, दुसऱ्याच्या तारेजवळ सुई ठेवली. बॅटरी जोडताच सुई हलली आणि पुन्हा जागेवर आली. काढताच पुन्हा हलली. प्रवाह स्थिर असेपर्यंत मात्र काहीच नाही. मेख इथे होती: वीज निर्माण करतो तो बदल. गप्प पडून राहिलेला चुंबक कितीही ताकदवान असो, तो दिवा लावत नाही; हललेला लावतो.

याच फॅरेडे यांच्या संस्थेत १८२५ साली नाताळात मुलांसाठी व्याख्यानं सुरू झाली. फॅरेडे यांनी स्वतः अशा १९ व्याख्यानमाला दिल्या. ज्याच्या शोधावर जगातली बहुतेक वीजकेंद्रं उभी आहेत, त्याला मुलांसमोर टेबलावर प्रयोग मांडणं कमीपणाचं वाटलं नाही.

आपल्याकडे हे काम करणारी माणसं आहेत. पुण्याच्या ‘आयुका’ या खगोलशास्त्र संस्थेतल्या मुक्तांगण विज्ञान शोधिकेत अरविंद गुप्ता यांनी वर्षानुवर्षं टाकाऊ वस्तूंतून विज्ञानाची खेळणी केली आणि मुलांकडून करून घेतली. त्यांच्या हातून प्रसिद्ध झालेली एक मोटर म्हणजे टॉर्चचा सेल, दोन सेफ्टी पिना, एक चकतीचा चुंबक आणि एनॅमल चढवलेल्या तांब्याच्या तारेचं वेटोळं. पिनांच्या भोकांत वेटोळ्याची दोन टोकं अडकवायची, बोटाने टिचकी मारायची, की ते भणाणत सुटतं. गंमत एका बारीक गोष्टीत आहे. तारेचं एक टोक सगळीकडून खरवडायचं, दुसऱ्याचं एनॅमल मात्र फक्त अर्ध्या बाजूने. म्हणजे निम्म्या फेरीत प्रवाह मिळतो आणि ढकल बसते; उरलेल्या निम्म्या फेरीत प्रवाह बंद, नाहीतर तीच ढकल उलटी बसली असती. पूर्ण खरवडलेलं वेटोळं नुसतं थरथरतं आणि थांबतं. कुठे किती खरवडायचं, हे एकदा चुकल्याशिवाय मुलांना कळत नाही, आणि एकदा कळलं की ते विसरत नाहीत.

आता परत नळीकडे. प्रवाह चुंबकाला विरोधच का करतो? मदत का करत नाही? १८३४ साली सेंट पीटर्सबर्गच्या एमिल लेन्झ यांनी नियम मांडला की, प्रवर्तित प्रवाह नेहमी आपल्याला जन्म देणाऱ्या बदलाच्या आड येतो. परीक्षेसाठी तो सगळे पाठ करतात. पण क्षणभर उलटं घडतंय असं समजा. चुंबक पडू लागला, प्रवाहाने त्याला आणखी खाली ढकललं, वेग वाढला, म्हणून प्रवाह वाढला, म्हणून वेग आणखी वाढला. कोणीही काही खर्च न करता ऊर्जेचा धबधबा सुरू झाला असता. निसर्गात तसं होत नाही. लेन्झचा नियम म्हणजे निसर्गाच्या जमाखर्चाची वही आहे. चुंबक मीटरभर खाली आला, पण वेग घेऊन आला नाही. मग त्या उंचीची ऊर्जा कुठे गेली? तांब्यात फिरणाऱ्या प्रवाहाने नळी तापवली. सहा ग्रॅमचा चुंबक पाव किलोची नळी एका अंशाच्या हजाराव्या भागाहूनही कमी तापवतो. हाताला कळणार नाही, पण वहीत नोंद झाली.

ही नोंद हाताला कळेल असाही प्रयोग आहे. माझ्या पिढीतल्या सगळ्यांनी तो नकळत केलेला आहे. संध्याकाळी सायकलवर निघताना डायनामो टायरला टेकवला की पॅडल जड व्हायचं. थोडा जडपणा घासण्याचा, हे खरं. पण दिव्याचा जडपणा वेगळा काढून दाखवता येतो. मोडक्या खेळण्यातली छोटी मोटर घ्या आणि तिचा दांडा दोन बोटांनी फिरवा. सहज फिरतो. आता तिच्या दोन्ही तारा एकमेकींना जोडा आणि पुन्हा फिरवा. मोटरीत मध भरल्यासारखा दांडा घट्ट होतो. तारा सोडल्या की पुन्हा मोकळा. घासणारं काहीच नव्याने आलेलं नाही. प्रवाहाला वाट मिळाली एवढंच. नळीतल्या चुंबकाला जे जाणवत होतं, ते आता तुमच्या बोटांना जाणवतंय.

याच मोटरीला हँडल आणि दाते लावून हाताने फिरवायचं जनित्र केलं, की वर्गात खरी परीक्षा होते. काहीही न जोडता फिरवणारा विद्यार्थी हसत असतो. टॉर्चचा जुना तारेचा बल्ब जोडला की त्याचं हसू मावळतं आणि खांदा पुढे येतो. बल्ब काढून तेवढाच उजेड देणारा एलईडी जोडला की हात पुन्हा हलका होतो. त्याने काय शिकायचं ते दंडानेच त्याला शिकवलं. उजेड तेवढाच, कष्ट कितीतरी कमी. काटकसर ही इथे सुविचाराच्या फळ्यावरची ओळ राहत नाही, स्नायूंना कळलेली गोष्ट होते.

हे कष्ट घरातल्या मापात मोजू. दहा लिटर पाण्याची बादली एक मजला, म्हणजे साधारण तीन मीटर, वर न्यायला सुमारे ३०० ज्यूल लागतात. खोलीत ६० वॅटचा जुना बल्ब लावायचा तर त्याच्यासाठी दर पाच सेकंदांना अशी एक बादली वर न्यावी लागेल. न थांबता, दिवा चालू असेपर्यंत. ९ वॅटच्या एलईडीला दर तेहेतीस सेकंदांना एक. आणि विजेचं एक युनिट म्हणजे ३६ लाख ज्यूल, म्हणजे एक मजला चढवलेल्या बारा हजार बादल्या. पाणी जिन्याने चढवलेल्या कोणालाही विचारा, बारा हजार म्हणजे काय. एवढी मेहनत भिंतीतल्या दोन भोकांतून, एका चहाच्या किमतीत, न बोलता घरात येते. तिला आपण ‘लाइट’ म्हणतो आणि ती गेली तरच आपल्याला आठवते.

जुन्या बल्बच्या त्या बादल्या जात कुठे होत्या? हे पाहायला प्रकाश फोडावा लागतो, आणि त्यासाठी लोलकही लागत नाही. घरात पडलेली जुनी सीडी पुरे. तिच्यावरच्या रेघा एकमेकींपासून १.६ मायक्रोमीटरवर असतात, म्हणजे एका मिलिमीटरात सहाशेहून अधिक. इतक्या दाट रेघांवर पडलेल्या प्रकाशातला प्रत्येक रंग आपापल्या कोनात परततो. बुटाच्या खोक्याला एका बाजूला पातळ फट पाडा, आत सीडी तिरकी बसवा, वरून पाहायला एक भोक ठेवा. झाला वर्णपटदर्शक.

फट तारेच्या बल्बकडे धरा. जांभळ्यापासून तांबड्यापर्यंत सलग पट्टा दिसतो, निळ्याकडे अंधुक, तांबड्याकडे ठसठशीत. सीएफएल शिल्लक असेल तर तिच्याकडे धरा. पट्टा तुटतो आणि वेगवेगळ्या रंगीत फिती दिसतात, कारण आतल्या पाऱ्याचे आणि काचेवरच्या लेपाचे ठरावीक रंगच बाहेर येतात. पांढऱ्या एलईडीकडे धरा. एक झगझगीत निळा ठिपका, मग जराशी मंद जागा, मग हिरव्या-पिवळ्यापासून तांबड्यापर्यंत रुंद पट्टा. पांढऱ्या दिव्याचं गुपित तिथेच उघडं पडतं. आतला एलईडी निळा असतो. त्याच्या निळ्या प्रकाशाचा काही भाग पिवळसर लेप शोषतो आणि पिवळा करून देतो. दोन्ही मिळून डोळ्याला पांढरं भासतं. तेजस्वी निळा एलईडी जमवणं फार अवघड होतं. तो जमवल्याबद्दल इसामु आकासाकी, हिरोशी आमानो आणि शुजी नाकामुरा यांना २०१४ साली भौतिकशास्त्राचं नोबेल मिळालं.

पण बल्बच्या वर्णपटात सगळ्यांत महत्त्वाचा भाग दिसतच नाही. १८०० साली इंग्लंडमध्ये विल्यम हर्शेल यांनी लोलकाने सूर्यप्रकाश फोडला आणि प्रत्येक रंगात तापमापी ठेवला. तांबड्याच्या पलीकडे, जिथे डोळ्याला काही दिसत नव्हतं, तिथे ठेवलेल्या तापमापीचा पारा सगळ्यांहून जास्त चढला. हाच अवरक्त प्रकाश. वर्गात तो दाखवायला टीव्हीचा रिमोट आणा, बटण दाबून मोबाइलच्या पुढच्या कॅमेऱ्यातून रिमोटच्या टोकाकडे पाहा. डोळ्याला अंधारच, बहुतेक मोबाइलच्या पडद्यावर मात्र ठिपका लुकलुकतो. तारेचा बल्ब आपल्या ऊर्जेतला फार मोठा वाटा याच न दिसणाऱ्या प्रकाशात आणि काचेच्या उष्णतेत घालवतो. शंभरातल्या नव्वदहून अधिक भागांचा उजेड होतच नाही. तार पांढरी होईतो तापवली तरच ती पुरेसा प्रकाश देते, आणि तापलेली वस्तू आधी उष्णता वाटते, उरलंच तर उजेड. एलईडीत तापवायची पायरीच नाही. इलेक्ट्रॉन वरच्या ऊर्जेवरून खालच्या ऊर्जेवर उतरतो आणि तो फरक थेट प्रकाश होऊन बाहेर पडतो. बुटाच्या खोक्यात तुम्ही पाहिलं ते हेच. रोज पाच तासांच्या हिशेबाने ६० वॅटचा बल्ब वर्षाला सुमारे ११० युनिट खातो, ९ वॅटचा एलईडी सोळा-सतरा. जानेवारी २०१५ मध्ये सुरू झालेल्या सरकारच्या ‘उजाला’ योजनेतून देशात असे ३६ कोटींहून अधिक दिवे गेले.

आता मान वर करा. वर्गातला पंखा फिरतोय. साध्या पंख्याच्या फिरणाऱ्या भागात ॲल्युमिनियमच्या सळ्या असतात. त्यांना बाहेरून एकही तार जोडलेली नसते. स्थिर वेटोळी फिरतं चुंबकीय क्षेत्र तयार करतात, त्याने सळ्यांमध्ये प्रवाह उमटतो आणि ते क्षेत्र सळ्यांना आपल्यामागे ओढत नेतं. काट्यावरची नळी आठवा. चुंबक खाली जाताना नळीलाही खाली ओढत होता, म्हणूनच वजन वाढलं होतं. तीच ओढ पंख्यात गोल फिरवलेली आहे. आणि नळी तापत होती, तशा या सळ्याही तापतात. बीएलडीसी, म्हणजे ब्रशलेस डीसी, पंख्यात फिरणाऱ्या भागातच कायमचे चुंबक बसवलेले असतात. तिथे प्रवाह उमटवायची गरज राहत नाही, ती उष्णता वाचते, आणि कोणत्या क्षणी कोणत्या वेटोळ्याला वीज द्यायची हे इलेक्ट्रॉनिक सर्किट ठरवतं. साधा पंखा पूर्ण वेगात ७०-७५ वॅट घेतो, बीएलडीसी ३०च्या आसपास. उलट स्वयंपाकघरातल्या इंडक्शन शेगडीला नेमकी हीच उष्णता हवी असते. ती पातेल्याच्या बुडात मुद्दाम हेच प्रवाह फिरवते. एकच नियम पंख्यात नको तिथे तापवतो आणि शेगडीत हवं तिथे.

शेवटी एक वस्तू दाखवायची राहते. प्रयोगशाळेच्या कपाटात कुठेतरी जुना, चकतीचा वीजमीटर असतो. काचेमागे ॲल्युमिनियमची पातळ चकती, कडेला एक रंगीत खूण. दोन वेटोळी त्या चकतीत प्रवाह उमटवून तिला फिरवतात. पण नुसतं फिरवलं तर ती वेग घेतच राहील आणि हिशेब चुकेल. म्हणून चकतीच्या कडेला एक कायमचा चुंबक बसवलेला असतो. चकती त्याच्या तोंडातून जाते, तिच्यात भोवऱ्यासारखे प्रवाह फिरतात आणि तिला अडवतात. जितका वेग तितका अडसर. त्यामुळेच चकतीचा वेग आपण खर्चलेल्या विजेच्या बरोबर प्रमाणात राहतो.

हा आपल्या नळीतलाच चुंबक. फक्त इथे तो स्थिर आहे आणि तांब्याच्या जागी ॲल्युमिनियम फिरतंय.

मीटरच्या पाटीवर लिहिलेलं असतं, एका युनिटला किती फेरे. समजा ६०० आहेत. म्हणजे एक फेरा सहा हजार ज्यूलचा, वीस बादल्यांचा. शिक्षकांनी स्वतः जोडणी करून आधी ६० वॅटचा बल्ब लावावा. मुलं खुणेवर नजर ठेवून मोजतात; शंभर सेकंदांत खूण पुन्हा समोर येते. मग ९ वॅटचा एलईडी. खूण काचेआड जाते. मुलं मोजतात, शंभर होतात, दोनशे होतात, मोजणाऱ्यांचे आवाज पुन्हा बारीक होत जातात. खूण परत यायला अकरा मिनिटं लागणार असतात. वर्गात उजेड मात्र तेवढाच असतो.

“अडकली,” मागच्या बाकावरून कोणीतरी म्हणतं. पण या वेळी पुढच्या बाकावरच्या मुलीला उत्तर माहीत असतं.